परस आणि उकिरडा : हैदराबादच्या घरगुती भाजीपाल्याचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाच्या अभ्यासकाने परसातील भाजीपाला आणि घरातील केरकचरा असा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हैदराबादचा इतिहास म्हटला की कुतुबशाही, आसफजाही दरबार, मुक्तिसंग्राम आणि १९४८ चा सप्टेंबर महिना डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तो राहावा हे योग्यच आहे. परंतु त्याच शहरात लाखो माणसे रोज जेवत होती, भांडी घासत होती, देठ-साली कोठेतरी टाकत होती. तो 'कोठेतरी' नेमका कोठे होता आणि तेथून त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न दरबारी कागदपत्रांत सापडत नाही. त्याचे उत्तर शोधताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. भाजीचा वाफा आणि उकिरडा या आपल्या जुन्या घरांत दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. एकाच व्यवस्थेची ती दोन टोके होती. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शहराने ती एकमेकांपासून तोडली. ती कशी तुटली, कोणत्या सबळ कारणांनी तुटली आणि पुन्हा जोडू पाहणाऱ्यांपुढे कोणत्या अडचणी आहेत, एवढीच माझी आजची मर्यादा.

आरंभ नावापासून करू. १५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहाने वसविलेल्या या नगरीला आपण मराठी माणसे पिढ्यानपिढ्या भागानगर म्हणत आलो. सतराव्या शतकात येथे आलेल्या ताव्हेर्निए आणि थेव्हनो या फ्रेंच प्रवाशांनी 'बागनगर' असे नाव नोंदले, आणि ताव्हेर्निएने त्यातील पहिल्या अक्षरांचा संबंध बागांशी लावला. भागमती खरी की बाग खरी, या वादात मी शिरत नाही. तो पुष्कळांनी पुष्कळ रंगविला आहे. मोहल्ल्यांची नावे मात्र वादापलीकडची साक्ष देतात. बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेठ, बशीरबाग, सीतारामबाग आणि पेरूंच्या झाडांची आठवण ठेवणारे जामबाग. या शहराच्या नकाशावर बागांची नावे अशी विखुरली आहेत की पत्ता सांगताना आपण नकळत फळझाडांची यादी वाचत असतो. मूसारामबागेत तर रेमाँ नावाचा फ्रेंच सेनानी दडलेला आहे.

या बहुतेक बागा उमरावांच्या. त्यांच्या ड्योढ्यांत कारंजी होती, माळी होते, विहिरींवर मोटा होत्या. त्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा विषय त्यांच्या भिंतीपलीकडचा, मोरीच्या पाण्यावर जगणारा परस हा आहे.

हैदराबादची भूमी भाजीपाल्याला मुळीच अनुकूल नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. शहर उभे आहे ते ग्रॅनाइटच्या खडकावर. त्यावर तांबड्या, वालुकामय मातीचा पातळ थर. तेलंगणात तिला 'चेल्का' म्हणतात. तिच्यात पाणी ठरत नाही आणि सेंद्रिय अंश थोडा. मराठवाड्यातून वकिलीसाठी, नोकरीसाठी, शिक्षणासाठी येथे आलेली आपली कुटुंबे पिढ्यानपिढ्या काळ्या रेगडावर वाढलेली होती. परभणी-नांदेडकडे बी टाकले की उगवते असा ज्यांचा अनुभव, त्यांना सुलतान बाजार, काचीगुडा किंवा गौळीगुडा येथील वाड्यांत कुदळ मारली की खाली मुरूम लागत असे. येथे माती करावी लागे. आणि माती करण्याचे साहित्य म्हणजे घरातील उष्टे-खरकटे, जनावरांचे शेण, चुलीतील राख आणि झाडलोटीचा पाचोळा. म्हणजे परसात काही उगवायचे तर उकिरडा हवाच, अशी या खडकाचीच अट होती.

त्या व्यवस्थेचे तपशील आज वृद्धांच्या बोलण्यातच उरले आहेत, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी चरातून परसात जाई. त्या चराच्या तोंडाशी अळू, पुढे कर्दळ, त्यापुढे केळ. हा क्रम यदृच्छेचा नव्हता. अळू पाणथळ जागेत जोमाने वाढते, खरकट्या पाण्यातील सत्त्व शोषून घेते आणि चर तुंबू देत नाही. केळीला उरलेला ओलावा पुरतो. (श्राद्धपक्षाला आणि लग्नकार्याला अळूचे फतफते का, याचे पाकशास्त्रीय उत्तर काहीही असो, दारची ती सर्वांत खात्रीची भाजी होती.) भांडी राखेने घासली जात, आणि तीच राख कोरडी असताना वालाच्या वेलावर मावा पडला की उधळली जाई. भाजीचे देठ, फळांच्या साली गाईपुढे जात. गाय घरी नसेल तर गवळ्याची होतीच. गौळीगुड्याचे नावच त्या व्यवसायाची खूण सांगते. पळसाच्या पत्रावळी जेवणानंतर उकिरड्यात पडत आणि कुजत. जुने लुगडे गोधडीत जाई, गोधडी विटली की पोतेऱ्यात. फाटके कपडे बोहारणीकडे जाऊन त्यांचे भांडे होई. घराबाहेर खरोखर फेकून द्यावे असे उरे ते फुटके खापर आणि काच. 'बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो' ही आपली म्हण ज्यांनी केली, त्यांना उकिरडा म्हणजे मातीत परत जाण्याची वाट पाहणारी ठेव, हे ठाऊक होते. तेलुगूत तर 'पेंट' या एकाच शब्दात शेण, केर आणि खत हे तिन्ही अर्थ मिसळलेले आहेत.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक साक्ष काढतो. आपण जिला अंबाडी म्हणतो, ती तेलुगू घरात गोंगूरा; पण हैदराबादच्या दखनी बोलणाऱ्या मुस्लिम घरात तिचे नाव 'अंबाडा'. तेलुगू शेजारी असूनही मराठीचा सख्खा भाऊ शोभेल असा शब्द त्या स्वयंपाकघरात आहे. उलट चिंचेच्या कोवळ्या पाल्याला दखनीत 'चिगूर' म्हणतात, तो शब्द तेलुगू 'चिगुरु'चा. शेवग्याला तेलुगू 'मुनगा' म्हणते, वऱ्हाडी माणूसही मुनगाच म्हणतो. आंबट चुका येथे चुक्काकूरा होतो, मायाळू बच्चली होते. सिंहासनांच्या इतिहासात ज्या समाजांची भांडणे आपण वाचतो, त्यांनी भाजीची नावे आणि बहुधा बियाणेही एकमेकांकडून घेतले, याचा हा बिनकागदी पुरावा.

येथवर ऐकून कोणास वाटेल की वक्ता जुन्या काळाचे गोडवे गाण्यास आला आहे. तसे नाही. या व्यवस्थेचा एक भाग असा आहे की तो वगळून बोलणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. स्वयंपाकघरातील केर परसात जिरत होता. शौचकूपातील मैला जिरत नव्हता. तो पहाटे पाटीत भरून, डोक्यावरून, मेहतर समाजातील स्त्री-पुरुष उचलून नेत. मराठीने त्या मैल्याच्या खताला 'सोनखत' असे झळझळीत नाव दिले, पण ते वाहणाऱ्याला त्यातील सोने कधी मिळाले नाही. त्याच्या वाट्याला मागील दार आणि अस्पृश्यता आली. जुने घर स्वतःचा काहीच कचरा बाहेर टाकत नसे, हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. बाहेर टाकणारे हात घरचे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. डोक्यावरून मैला वाहण्यास मनाई करणारा कायदा देशात १९९३ साली आला आणि २०१३ साली अधिक कडक कायदा करावा लागला, यावरून ती प्रथा किती चिवट होती हे कळून येते.

आता व्यवस्था तुटली कशी, ते पाहू. पहिला धक्का आरोग्यशास्त्राचा होता, आणि तो न्याय्य होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, बेगमपेठेच्या परिसरात काम करीत असताना रोनाल्ड रॉस याला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी आढळले. ज्या शहरात हा शोध लागला, त्या शहरातील परसात साचलेल्या पाण्याकडे त्यानंतर कोणी निर्धास्तपणे पाहू शकले नाही. दुसरा धक्का निसर्गाचा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हजारो माणसे नेली, वस्त्याच्या वस्त्या धुऊन काढल्या. निजाम सरकारने १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढलेला हा अभियंता. त्यांनी पुराच्या बंदोबस्तासाठी धरणे सुचविली, त्याबरोबर भुयारी गटारांचाही आराखडा मांडला. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर पूर्ण झाले.

या कामांनी शहर वाचले. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे वाक्य उच्चारले पाहिजे. नळ घरात आला आणि गटार घराखालून गेले, तेव्हा मोरीच्या पाण्याची परसाशी असलेली सोयरीक संपली. चर बुजला. अळूला पाणी घालावे लागू लागले, आणि विकतचे पाणी अळूला कोण घालणार? धरणांमुळे मुसीचा मूळ प्रवाह क्षीण झाला होता. तिच्या पात्रातून आता शहराचे सांडपाणी पूर्वेला, अंबरपेठेच्या पलीकडे वाहू लागले. परसातील चर जणू नदीएवढा मोठा झाला आणि शहराबाहेर निघून गेला.

त्या पाण्याचे पुढे काय झाले, हा भाग फार बोलका आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या संशोधकांनी मुसीकाठच्या शेतीचा अभ्यास केला. शहराच्या पूर्व कडेला नदीकाठी शेतकरी या सांडपाण्यावर पॅरा गवत पिकवीत होते. ते दिवसाकाठी कापून शहरातील म्हशींच्या गोठ्यांना विकले जाई. जोडीला पालक, माठ, कोथिंबीर, पुदिना. म्हणजे हैदराबादच्या घरांनी मोरीतून सोडून दिलेले सत्त्व गवताच्या व म्हशीच्या मार्गाने दुधाच्या रूपात आणि पालेभाजीच्या जुडीच्या रूपात घरी परत येत होते. चक्र तुटलेले नव्हते. ते लांब झाले होते, आणि त्यात कारखान्यांचे पाणी मिसळले होते. परसातील अळवाला ज्या पाण्याची बाधा होत नव्हती, त्या पाण्यात आता काय आहे हे खाणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून गवत कापणाऱ्या बाईलाही नव्हते. पाटी डोक्यावरून उतरली, पण घाणीचा सहवास गरिबाच्याच वाट्याला राहिला.

गटारे शहर स्वच्छ करीत होती त्याच काळात येथून दूर, होळकरांच्या इंदूरला, याच प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जात होते. १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ मध्ये यासंबंधीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' दिसते. वाडांचे नाव मात्र क्वचित दिसते. मराठी वाचकाने तरी ते विसरू नये. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून या पद्धतीचा प्रचार केला. पुढे १९३९ मध्ये बंगळूरला डॉ. आचार्य यांनी शहरी केर आणि मैला खड्ड्यात कुजविण्याची पद्धत तयार केली. कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा प्रश्न आणि भंगीमुक्तीचा प्रश्न एकच मानला. ज्याने त्याने आपला मैला आपण हाताळावा आणि त्याचे खत करावे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते आपल्या भाषेत या विषयावर झालेला तो सर्वांत मूलगामी विचार होय. हॉवर्ड-वाडांनी कुजण्याचे शास्त्र दिले. कुजणारी वस्तू कोणी उचलायची, हे अप्पासाहेबांनी विचारले.

हैदराबादेत मात्र परस आक्रसतच गेला. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती साडेचार लाखांच्या आत होती. २०११ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत ती ६७ लाखांवर गेली. वाडे पडले, सदनिका उभ्या राहिल्या. १९८७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. चूल गेली तशी राख गेली, आणि राखेची जागा पुडीतील भुकटीने घेतली. पत्रावळीच्या जागी थर्मोकोल आले. प्लास्टिकची पिशवी आली आणि प्रथमच घरात अशी वस्तू रोज येऊ लागली की जिला उकिरडा स्वीकारत नाही. ओले आणि सुके एका पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवले की दोन्ही निरुपयोगी होतात. ही क्रिया एका क्षणाची असते, पण माझ्या दृष्टीने या इतिहासातील तो गटारांइतकाच मोठा टप्पा आहे.

पोषणाच्या बाजूने याची किंमत काय पडली, याचा विचार करणारी संस्था याच शहरात आहे. कुन्नूरहून १९५८ मध्ये येथे आलेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाणारी तारनाक्याची ही संस्था. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांना येणाऱ्या अंधत्वावर तिने केलेल्या संशोधनातून, दर सहा महिन्यांनी मोठी मात्रा पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. औषध तातडीचे होते. कायमचा उपाय म्हणून हिरव्या पालेभाज्यांवर भर दिला गेला. शेवग्याचा पाला, माठ, पालक, थोड्या तेलासह शिजविलेले. ज्या परसांत हे सारे फुकट उगवत होते, ते नेमके त्या दशकांत नाहीसे होत होते.

केराच्या बाजूचे चित्रही पाहू. २०१५ मध्ये महानगरपालिकेने घरोघरी हिरवा आणि निळा असे दोन डबे वाटले; २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वर्गीकरण घरातच करणे बंधनकारक केले. कित्येक घरांत त्या डब्यांतून पुढे धान्य किंवा पाणी साठविले गेले, हे आपण सर्व जाणतो. गृहिणीला चांगला डबा वाया घालविणे जमत नाही, त्याला इलाज नाही. शहराचा केर जातो तो ईशान्येकडील जवाहरनगरला. तेथील डोंगर, त्यातून झिरपणारे काळे पाणी, भोवतालच्या वस्त्यांतील दुर्गंधी आणि बिघडलेली तळी यांवरून रहिवाशांना न्यायालयीन लढे द्यावे लागले. आपल्या शहरांच्या केरात निम्म्याच्या आसपास भाग ओला, कुजणारा असतो. सुलतान बाजारातील घराच्या परसात जो एक वाफा झाला असता, तो जवाहरनगरच्या विहिरीत उतरतो. बोवेनपल्लीच्या भाजीमंडईत मात्र येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या तंत्रावर चालणारा प्रकल्प उभा राहिला. रोज सुमारे १० टन सडका भाजीपाला, त्यापासून सुमारे ५०० युनिट वीज आणि ३० किलो इंधनवायू, असे त्याचे आकडे २०२१ च्या प्रारंभी देशभर गाजले. मंडईचे दिवे त्यावर लागत आणि उपाहारगृहातील स्वयंपाक त्यावर होई.

घरांच्या पातळीवर जे घडले ते गच्चीवर घडले. तुम्मेटी रघोत्तम रेड्डी या तेलुगू कथाकाराने नारायणगुड्यातील आपल्या घराच्या गच्चीवर वाफे बांधून भाजीपाला पिकविला, त्यावर लिहिले आणि 'मिद्दे तोट' हा शब्द तेलुगू घराघरांत नेला. मिद्दे म्हणजे धाब्याचे घर, तोट म्हणजे बाग. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे पाचोळा आणि सूर्यप्रकाश यांचे गणित सामान्य माणसाला शिकविले होते; मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीवरील शेती केली. या प्रयोगांचे मर्म एकच आहे. गच्चीवर माती वाहून नेणे जड आणि महाग. म्हणून घरातील ओला केर व पाचोळा यांचीच माती करावयाची. मुरमावर जे वाड्यातील बायका करीत होत्या, तेच आता सिमेंटवर. फरक एवढाच, की आता उचलणारा हात घरचा असतो.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि उत्साहाच्या भरात त्या झाकू नयेत. पहिली पाण्याची. १९६५ मध्ये या शहराला मांजरेचे पाणी मिळाले; बीडच्या डोंगरात उगम पावणारी ती आपली मांजरा. २००४ मध्ये नागार्जुनसागराहून कृष्णा आली, शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून, पंपांनी चढवून. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवरील टोमॅटोला हे पाणी नळाने सोडणे म्हणजे शेजारच्या वस्तीतील घागर आपल्या कुंडीत ओतणे होय. तांदूळ-डाळ धुतलेले, भाज्या धुतलेले पाणी वर नेले तरच हिशेब जमतो. नव्या सदनिकांत मोरी नाही, म्हणून ते बादलीने न्यावे लागते. दुसरी अडचण गळतीची. तिसरी भाडेकरूची, कारण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस शेवगा लावीत नाही.

आणि चौथी हक्काची. १९८७ च्या सदनिका कायद्याप्रमाणे इमारतीचे छप्पर सामाईक असते. त्यामुळे वाफे कोणी करावयाचे, पाणी किती वापरावयाचे, खताच्या पिंपाला वास आला तर कोणी वरखाली करावयाचे, हे रहिवासी संघाच्या सभेत ठरवावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी प्रश्न तेथेच अडकतो. वाड्याचा परसही सामाईकच होता. पाच-सहा बिऱ्हाडांत एक विहीर, एक चर, एक उकिरडा. अळू कोणी केव्हा खुडायचे, शेण कोणाच्या गाईचे, विहिरीवर पाळी कोणाची, यावरून तेथेही भांडणे होत. ती मिटविण्यास वाड्यात एखादी वडीलधारी काकू असे आणि तिचा शब्द मोडण्याची छाती कोणाची होत नसे. संघाच्या सभेत ते काम आता इतिवृत्ताने आणि बहुमताने होते. काही इमारतींत जमले आहे, काहींत गच्चीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली चिटणिसांकडे.